पाऊस उघडला, तरी पाणी चढतंय

श्रोतेहो, नमस्कार. गगनबावड्याच्या कड्यावरून खाली कोकण दिसतं, तरी कड्याच्या अलीकडं पडलेलं पाणी समुद्राकडं पाठ करून पूर्वेला निघतं. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीपासून झाली आपली पंचगंगा. ती नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि पार बंगालच्या उपसागराला जाते. हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्या आंबेवाडीच्या मावशीची गोष्ट मात्र ऐकाच. एका पावसाळ्यात चार दिवस कोसळून पाऊस उघडला. लख्ख ऊन. नवे जावई पांढरी पँट घालून, मोबाईल बघत सोप्यात बसलेले. म्हणाले, "मामी, राधानगरी धरणाची दारं मिटली. आता पाणी उतरतंय बघा." मावशी म्हणाली, "पावनं, जरा दम धरा." आणि तिनं नृसिंहवाडीजवळच्या कुरुंदवाडला दिलेल्या धाकट्या लेकीला फोन लावला.

"नृसिंहवाडीत पाणी काय म्हणतंय गं?"

"चढतंय आई. देवळात शिरलंय."

फोन ठेवला आणि मावशी ओरडली, "म्हशी सोडा!"

"अहो, पण ऊन पडलंय!"

"उन्हाला काय विचारायचं? खाली जागा न्हाई, तर वरचं जाणार कुठं?"

एक म्हैस जागची हलेना. मावशीनं तिचं रेडकू दिलं जावयांच्या खांद्यावर. पुढं जावई, मागं हंबरत म्हैस, अशी वरात सोनतळीला पोचली. पँटचं काय झालं ते विचारू नका. संध्याकाळी गोठ्यात गुडघाभर पाणी.

याला फुगवटा म्हणतात. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला आत शिरू देत नाही. त्यात पात्राला उतार बेताचा; पाणी मागं तुंबतं. पुन्हा सांगतो, पाऊस थांबला म्हणजे पाणी उतरलं असं नव्हे.

पाण्यानं शेतातनं पसरायचं, तर ओढे बुजवून त्यावर आपण मंगल कार्यालयं बांधलीत.   

कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. लक्षात असू द्या: ३९ इशारा, ४३ धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. बंधाऱ्यावरचा हा आकडा पावसाळ्यात रोज ऐकताच. जोडीला नृसिंहवाडीचाही विचारा. तिथं कुणी पाहुणं असेल तर त्यांचा नंबर आत्ताच लिहून ठेवा. नमस्कार.