मनगटावरून दिसणारी झोप

[दृश्य: सांगली, सकाळचे सहा. ओसरीवर वर्तमानपत्र, चहाचा कप, मनगटावरचे घड्याळ.]

सांगलीतल्या आमच्या घराच्या ओसरीवर माझे वडील चहाचा कप बाजूला ठेवतात, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतात आणि तोच आकडा मोबाइलवर पुन्हा एकदा तपासून घेतात. काल रात्री 7 तास 40 मिनिटे झोप झाली, त्यातली 1 तास 20 मिनिटे गाढ होती आणि 100 पैकी 86 गुण मिळाले, असे ॲप सांगते. हे घड्याळ आम्ही भावंडांनी त्यांना एकसष्टीला दिले होते. आईने ओवाळल्यावर ते त्यांच्या हाताला बांधले, आणि तेव्हापासून रात्रीसुद्धा ते क्वचितच उतरले. आकडा चांगला आहे. तरीही वर्तमानपत्राचे दुसरे पान उलटण्याआधीच त्यांची मान खाली झुकते आणि चहा निवून जातो.

जवळजवळ वर्षभर आम्ही त्या 86 वर विश्वास ठेवला. आईने दोनदा सांगितले होते की, यांची झोप मला बरी वाटत नाही. आम्ही तिला ॲपमधला आलेख दाखवला. रात्रभर जागून ऐकणाऱ्या माणसापेक्षा आम्ही एका आलेखाला अधिक मान दिला, याची खंत मला आजही आहे. मनगटावरच्या त्या उपकरणाला रात्री नेमके काय दिसते आणि काय दिसू शकत नाही, हे समजून घेण्याची गरज मला तिथून वाटू लागली.

[दृश्य: जुन्या आलेखयंत्राच्या कागदावर सरकणाऱ्या शाईच्या रेषा.]

झोप मोजायची म्हणजे काय मोजायचे, हा प्रश्न दीर्घकाळ सुटला नव्हता, कारण झोपलेल्या माणसाला काही विचारता येत नाही आणि उठल्यावर त्याला फारसे आठवत नाही. जर्मनीतल्या येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1924 साली माणसाच्या डोक्याला विद्युतअग्रे (इलेक्ट्रोड) लावून मेंदूतल्या सूक्ष्म विद्युतलहरींची पहिली नोंद घेतली आणि 1929 साली ती प्रसिद्ध केली. आज आपण ज्याला ईईजी म्हणतो, त्याचा हा आरंभ होता. त्यानंतर शिकागो विद्यापीठात नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या 8 वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ विद्युतअग्रे चिकटवून त्याच्या झोपेची नोंद घेतली, तेव्हा मुलगा शांत झोपलेला असतानाही लेखण्या मधूनच जोरात हलू लागल्या. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने फिरत होते. गुरुशिष्यांचा शोधनिबंध 1953 साली प्रसिद्ध झाला, आणि झोपेतली ती अवस्था ‘रेम’ (रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे डोळ्यांची वेगवान हालचाल) या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या अवस्थेत जागे केलेली माणसे बहुतेक वेळा स्वप्न सांगत.

म्हणजे झोपेच्या अवस्था ठरवण्यासाठी तीन ठिकाणी पाहावे लागते: मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण. प्रयोगशाळेतली झोपेची तपासणी आजही याच तीन गोष्टींवर उभी आहे, आणि तिच्या जोडीला नाकातून जाणारी हवा, छाती आणि पोटाभोवतीचे पट्टे, हृदयाचा आलेख आणि बोटावरचा ऑक्सिजनमापक असतो. रात्रीची नोंद 30 सेकंदांच्या पानांत वाचली जाते. या आकड्याचे मूळ कागदात आहे. आलेखाचा कागद सेकंदाला 10 मिलिमीटर सरकत असे, त्यामुळे 30 सेंटिमीटरच्या पानावर 30 सेकंद मावत. कागद केव्हाच गेला, पान मात्र राहिले. आठ तासांच्या झोपेची अशी 960 पाने होतात, आणि प्रत्येक पानावर कोणती अवस्था लिहायची ते तंत्रज्ञ ठरवतो. प्रशिक्षित तंत्रज्ञांनी हीच पाने स्वतंत्रपणे वाचली, तर त्यांचे निर्णय साधारण 83 टक्के पानांवर जुळतात. डोक्याला तारा लावूनही उरलेल्या पानांवर मतभेद होतात, एवढे लक्षात ठेवले तर मनगटाकडून किती अपेक्षा करावी, हे आपोआप कळते.

[दृश्य: उपडे केलेले घड्याळ. काचेमागे लुकलुकणारा हिरवा प्रकाश.]

मनगटावर मेंदूची लहर पोहोचत नाही आणि डोळेही दिसत नाहीत. घड्याळाजवळ मुख्यतः दोन साधने असतात. पहिले आहे ॲक्सेलरोमीटर, म्हणजे सिलिकॉनच्या चिपमध्ये कोरलेले अतिसूक्ष्म वजन, जे हात हलला की किंचित सरकते आणि त्या सरकण्याचे विद्युतसंकेत बनतात. दुसरा आहे हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या भरल्या की परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो आणि ओसरल्या की वाढतो. या चढउतारांवरून नाडीचा वेग मिळतो, आणि दोन ठोक्यांमधल्या अंतरातला सूक्ष्म फरकही मिळतो.

पुढचे काम अनुमानाचे आहे. गाढ झोपेत नाडी संथ आणि श्वास एकसारखा चालतो. रेम अवस्थेत हातपायांचे स्नायू जवळजवळ लुळे पडलेले असतात, परंतु नाडी आणि श्वास मात्र अनियमित होतात. हात स्थिर आणि नाडी संथ असेल तर गाढ झोप, हात स्थिर असूनही नाडी डळमळीत असेल तर रेम, अशा प्रकारच्या खुणा संगणकाला प्रयोगशाळेतल्या नोंदींशी ताडून शिकवलेल्या असतात. ही विद्या खरोखर हुशारीची आहे, आणि तिला हिणवण्याचा माझा हेतू नाही. आपल्या भाषेनेही झोपेचे थर पूर्वीच ओळखले होते. पेंग वेगळी, डुलकी वेगळी, गाढ झोप वेगळी आणि पहाटेची साखरझोप वेगळी. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात येतो आणि रेमचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात, हे प्रयोगशाळेत दिसले. साखरझोपेत स्वप्ने का दाटतात, याचे उत्तर त्यात आहे.

या अनुमानाचा एक कच्चा दुवा मात्र प्रत्येक वापरणाऱ्याला ठाऊक असायला हवा. माणूस झोपलेला असताना तो झोपला आहे, हे घड्याळ सहसा बरोबर ओळखते. तो अंथरुणात जागा आहे, हे ओळखताना ते अधिक वेळा चुकते. रात्री तीन वाजता डोळे उघडे ठेवून, मुलांची काळजी करत, कूस न बदलता निपचित पडलेली व्यक्ती घड्याळाच्या हिशेबात अनेकदा झोपलेलीच असते. त्यामुळे ज्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही, नेमक्या त्याच माणसाला हे उपकरण कमी विश्वासार्ह ठरते. नाडी मंदावणारी औषधे घेणाऱ्यांच्या किंवा अनियमित ठोक्यांचा विकार असलेल्यांच्या बाबतीत अवस्थांचे अनुमान आणखी ढळू शकते. वामकुक्षीची अर्ध्या तासाची झोप किंवा विरार लोकलच्या खिडकीला डोके टेकून लागलेली डुलकी पुष्कळदा नोंदीत येतच नाही. शिवाय प्रत्येक कंपनीचे गणित वेगळे आणि गोपनीय असल्याने, ॲप अद्ययावत झाल्यावर गाढ झोप एकाएकी वाढली किंवा घटली, तर बदल शरीरातच झाला असेल असे नाही.

आकडा मनावरही काम करतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो कॉलेजातील दोन संशोधकांनी 2014 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी विद्यार्थ्यांना खोट्या मोजमापाच्या आधारे सांगण्यात आले की, काल रात्री तुमची रेम झोप चांगली झाली, किंवा कमी झाली. कमी झाल्याचे ज्यांना सांगितले, त्यांची बुद्धीच्या काही चाचण्यांतली कामगिरी खालावली, मग त्यांना स्वतःला झोप कशीही वाटलेली असो. तीन वर्षांनी, 2017 मध्ये, शिकागोतील झोपतज्ज्ञांनी ‘ऑर्थोसोम्निया’ हा शब्द मांडला. उत्तम आकडा मिळवण्याच्या धडपडीत अंथरुणात अधिकाधिक वेळ पडून राहणारे आणि त्यामुळेच तळमळणारे रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले होते. प्रयोगशाळेने झोप ठीक असल्याचे दाखवले, तरी त्यांचा विश्वास मनगटावरच राहिला.

आमच्या घरात याच्या उलट घडले. चांगल्या आकड्याने आम्हाला निर्धास्त केले.

[दृश्य: अंधारी खोली. घोरण्याचा आवाज, मग शांतता. शांतता लांबते. मग एकदम जोराचा श्वास.]

हा आवाज आईने आपल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला होता. घोरणे चढत जाते, मध्येच थांबते, आणि त्या शांततेत ती उठून बसते, कारण श्वास पुन्हा सुरू होईपर्यंत तिला धीर धरवत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग वारंवार बंद पडण्याच्या या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. किमान 10 सेकंद श्वास थांबला तर ती एक घटना मोजतात, आणि श्वास अर्धवट अडण्याच्या घटनाही तिच्यात मिळवतात. तासाला अशा 5 घटनांपासून सौम्य, 15 पासून मध्यम आणि 30 पासून तीव्र अशी वर्गवारी आहे. प्रत्येक वेळी मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, श्वासमार्ग मोकळा करतो आणि पुन्हा झोपतो. माणसाला त्याची आठवण राहत नाही. हात हलतोच असे नाही, म्हणून घड्याळाच्या आलेखावरही ती जाग सहसा उमटत नाही आणि एकूण झोप साडेसात तासच दिसते. वडिलांचे 86 गुण त्या साडेसात तासांचे होते.

काही घड्याळांत आता याचीही सोय होऊ लागली आहे. सॅमसंग आणि ॲपल यांच्या घड्याळांतील स्लीप ॲप्नियाची शक्यता सुचवणाऱ्या सुविधांना अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने 2024 साली परवानगी दिली. ही सूचना निदानाची जागा घेत नाही, आणि सूचना आली नाही म्हणून विकार नाही, असेही होत नाही. घड्याळातल्या ऑक्सिजनच्या आकड्याबाबत तर अधिक सावध राहावे लागते. बोटावर लावायच्या रुग्णालयीन ऑक्सिजनमापकांकडूनसुद्धा गडद त्वचेवर ऑक्सिजनची घट निसटण्याची शक्यता अधिक असते, असे 2020 साली अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून दिसून आले. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या देशात ही माहिती प्रत्येक खोक्यावर छापलेली असावी, असे मला मनापासून वाटते.

[दृश्य: पुण्यातील एका डॉक्टरांचा कक्ष. टेबलावर छापील तक्ता.]

शेवटी आम्ही वडिलांना पुण्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी झोपेचे गुण विचारले नाहीत. त्यांनी आईकडे वळून विचारले, “रात्री श्वास अडल्यासारखा वाटतो का हो?” आई बराच वेळ बोलली. मग मात्र डॉक्टरांनी ॲपमधल्या एका गोष्टीत रस घेतला: मागच्या महिनाभरात ते कधी अंथरुणाला टेकले आणि कधी उठले. झोपण्याउठण्याच्या वेळा हे उपकरण बऱ्यापैकी टिपते, आणि रोज वही लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या माणसाची इतक्या दिवसांची नोंद एरवी मिळत नाही. दुकान बंद करून जेवायला साडेआठ, अंथरुणाला साडेनऊ, रविवारी त्याहून उशीर, आणि सकाळी कोणत्याही दिवशी साडेपाचच्या सुमारास चाहूल, हे सारे त्या तक्त्यात सरळ दिसत होते. गाढ झोप आणि रेमचे रंगीत पट्टे डॉक्टरांनी पाहिले, पण त्यांवर काही लिहिले नाही.

त्याच आठवड्यात तपासणी झाली. तंत्रज्ञाने वडिलांच्या केसांत भांग पाडून एकेक विद्युतअग्र चिकटवले, हनुवटीला आणि डोळ्यांच्या कडांना तारा लावल्या, छातीभोवती पट्टा बांधला आणि घड्याळ उतरवून आईच्या हाती दिले. “इतक्या तारांत झोप कसली लागते,” असे वडील म्हणाले, आणि वीस मिनिटांत त्यांना झोप लागली. शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर 30 सेकंदांचे पान सरकत होते. मेंदूच्या रेषेवर अर्ध्या-पाऊण सेकंदाचा एक दाट, चातीसारखा फुगीर झुबका उमटला. तंत्रज्ञाने त्याकडे बोट दाखवून सांगितले की, ही झोपेच्या दुसऱ्या, म्हणजे हलक्या झोपेच्या अवस्थेची खूण आहे. त्याच्या खाली नाकातल्या हवेची रेषा होती. ती हळूहळू सपाट झाली आणि 22 सेकंद सपाट राहिली. तंत्रज्ञाने तिथे खूण केली. आई खुर्चीतून उठली होती. पुढच्या पानावर श्वास परत आला, मेंदूची रेषा क्षणभर विस्कटली, आणि पुन्हा झोपेच्या लहरी सुरू झाल्या. सकाळपर्यंत अशा खुणा तासाला सरासरी 34 भरल्या.

आता रात्री त्यांच्या उशाशी सीपॅप यंत्र असते. नाकावरच्या मास्कमधून ते हवेचा हलका दाब देत राहते, आणि घशाचा मार्ग मिटत नाही. मास्कची सवय व्हायला त्यांना सहा आठवडे लागले. घड्याळ अजूनही मनगटावर असते, आणि त्यातले झोपेचे गुण पूर्वीपेक्षा फारसे बदललेले नाहीत. परवा ओसरीवर त्यांनी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचले.