डाग सूर्यावरचे आणि चेहऱ्यावरचे

मंडळी, सूर्यावरच्या डागांना इंग्रजीत सनस्पॉट म्हणतात आणि उन्हानं चेहऱ्यावर पडणाऱ्या काळ्या डागांनाही सनस्पॉटच म्हणतात. हा शब्द सर्चमध्ये टाकणारा खगोलशास्त्राचा विद्यार्थी आहे की क्रीम शोधणारा, हे गुगल ट्रेंड्सच्या, म्हणजे कोणता शब्द कधी किती शोधला गेला हे दाखवणाऱ्या आलेखाच्या, रेषेवरून कळत नाही. ‘कोरोना’चं त्याहून वाईट. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाचं हे नाव २०२०मध्ये एका विषाणूनं कायमचं पळवलं. ‘सूर्या’ म्हटलं तर क्रिकेटपटू येतो. ‘अरोरा’ म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशातला रंगीत प्रकाश, पण आपल्याकडे ते आडनाव आहे. आणि ‘सोलर’ म्हणजे आपल्याकडे छतावरचं पॅनल, पाण्याचा बंब नाहीतर शेतातला पंप. त्यामुळे सूर्याची सक्रियता आणि माणसांचे शोध यांची सांगड घालायची, म्हणजे सूर्य खवळला की डोकेदुखी, झोप असले शोध वाढतात का हे बघायचं, तर पहिला दिवस शब्द निवडण्यातच जातो, आणि तो जायलाच हवा.

ट्रेंड्समध्ये शब्द टाकला की खाली दोन पर्याय दिसतात, सर्च टर्म आणि टॉपिक. टर्म घेतली तर तेवढीच अक्षरं मोजली जातात; टॉपिक घेतला तर वेगवेगळ्या भाषांतले त्याच अर्थाचे शोध एकत्र येतात. मराठी माणूस देवनागरीत लिहितो, रोमन लिपीत मराठी लिहितो, वर स्पेलिंग प्रत्येकाचं निराळं. अशी चार-पाच रूपं अधिक चिन्हानं जोडून एकाच ओळीत टाकता येतात.

आता आकडा. ट्रेंड्स शोधांची संख्या सांगत नाही. एकूण शोधांमध्ये तुमच्या शब्दाचा वाटा किती, हे नमुना घेऊन काढतात आणि निवडलेल्या काळातल्या सर्वांत मोठ्या वाट्याला १०० म्हणतात. म्हणून शून्य म्हणजे कुणी शोधलंच नाही असं नव्हे. शोध मोजण्याइतके नव्हते, एवढंच. कोल्हापूर शहरापुरतं बघाल तर असे शून्य फार येतात, निदान महाराष्ट्र तरी निवडा. आणि वाटा आहे म्हटल्यावर दुसऱ्याचा वाढला की तुमचा घटतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा सगळं गाव पाण्याची पातळी बघत होतं. अशा आठवड्यात डोकेदुखीचा आलेख खाली गेला, तर डोकी दुखायची थांबली असा अर्थ कुणी काढू नये.

सर्वांत मोठा मोह अकरा वर्षांच्या चक्राचा, म्हणजे सूर्यावरचे डाग वाढण्या-घटण्याच्या फेऱ्याचा. ट्रेंड्सचा डेटा २००४पासून आहे. चोविसावं सौरचक्र डिसेंबर २००८मध्ये सुरू झालं, एप्रिल २०१४मध्ये त्याची कमाल झाली. पंचविसावं डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालं आणि २०२४मध्ये माथ्यावर पोचलं. म्हणजे हातात शिखरं दोनच. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण इथे शितं दोन आणि पातेलीही वेगळी: २०१४मध्ये सर्च करणारे लोक आणि २०२४मधले लोक सारखे नाहीत, कारण सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि स्वस्त डेटा खेड्यापाड्यांत पोचला. शिवाय ट्रेंड्सची मोजण्याची पद्धतच २०११, २०१६ आणि २०२२ या वर्षांच्या सुरुवातीला बदलली. आलेखावर तशी टीप असते. ती न वाचता निष्कर्ष काढणारे पुष्कळ. चक्राचा तळ डिसेंबर २०१९मध्ये आणि महामारी लगेच पुढच्या वर्षी. एवढ्यावर किती जणांनी किती सिद्धान्त मांडले असतील, कल्पना करा.

हा मोह जुना आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८७०च्या दशकात मांडलं, की डागांमुळे हिंदुस्थानातली पिकं बदलतात, पिकांमुळे तिथली मागणी बदलते आणि मग इंग्लंडच्या व्यापारात मंदी येते. आधी त्यानं चक्र ११.१ वर्षांचं धरलं. मंद्यांचं अंतर साडेदहाच्या आसपास पडतंय म्हटल्यावर चक्रही साडेदहाचं मानलं. माणूस हुशार होता. चूक हुशार माणसाचीच आहे.

त्याखालोखाल फसवा आकडा २७ दिवसांचा. सूर्य पृथ्वीवरून पाहता सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे तोच सक्रिय भाग पुन्हा समोर येतो. पण माणसाची सवय आठवड्याची, आणि चार आठवडे म्हणजे २८ दिवस. या दोन लयी वेगळ्या ओळखायला निदान २७ गुणिले २८, म्हणजे ७५६ दिवसांची सलग रोजची नोंद लागते. ट्रेंड्स रोजचे आकडे एका वेळी साधारण नऊ महिन्यांपर्यंतच देतं, त्यापुढे आठवड्याचे. मग तुकडे जोडावे लागतात, आणि प्रत्येक तुकड्याचं १०० वेगळं. दोन तुकड्यांत निदान महिनाभराचे सामाईक दिवस ठेवा, त्यांच्या सरासऱ्यांच्या गुणोत्तरानं दुसरा तुकडा बसवा. नमुना रोज बदलत असल्यानं तोच तुकडा चार-पाच वेगळ्या दिवशी उतरवून सरासरी घ्या. हे टाळलं तर जोडावरच्या चुका गुणाकारानं पुढे सरकतात आणि शेवटच्या तुकड्याला काही अर्थ राहत नाही.

त्यापेक्षा वादळं धरावीत. सूर्याकडून आलेला झोत आदळला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ होते, तेच भूचुंबकीय वादळ. त्याला तारीख असते, वेळ असते. जर्मनीतल्या पॉट्सडॅमची जीएफझेड संस्था या खळबळीची तीव्रता सांगणारा केपी निर्देशांक दर तीन तासांनी देते, शून्य ते नऊ. ९ म्हणजे सर्वोच्च जी५ दर्जाचं वादळ. वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

१० मे २०२४चं उदाहरण घेऊ. झोत पृथ्वीवर आदळला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, वादळ ऐन भरात आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. लडाखमधल्या हान्लेला आकाश तांबडं दिसलं. कोल्हापुरातून तसं काही दिसणं शक्य नव्हतं. आता त्या दिवशीचे शोध बघायचे, तर १० मे म्हणजे अक्षय्य तृतीया. सोन्याचा भाव, मुहूर्त, आमरस. त्यात आयपीएल आणि लोकसभेची निवडणूक. शिवाय अमेरिकेच्या हवामान खात्यानं जी४ वादळाचा इशारा ९ तारखेलाच दिला होता. म्हणजे ‘सौर वादळ’ हा शोध वादळ पोचण्याआधी वाढू शकतो. कार्य कारणाच्या आधी दिसलं, तर तिथे कारण बातमी आहे, सूर्य नाही. ही चाचणी मला सर्वांत जास्त भरवशाची वाटते. तिची दुसरी बाजू अशी: ज्यांची बातमी कुठेच छापून येत नाही अशी केपी ६ची वादळं वेगळी काढा. ‘झोप येत नाही’ हा शोध फक्त गाजलेल्या वादळांनाच वाढत असेल, तर लोकांची झोप वर्तमानपत्रानं उडवली आहे.

रीत अशी. केपी ७ किंवा वरच्या वादळांच्या तारखा काढा. दहा दिवसांच्या आत दोन आली तर पहिलंच धरा. प्रत्येकाचा आरंभदिन शून्य मानून आधीचे दहा आणि नंतरचे दहा दिवस घ्या, त्या एकवीस आकड्यांना त्यांच्याच मध्यकानं भागा आणि सगळ्या वादळांची दिवसवार सरासरी काढा. मग तेवढ्याच खोट्या तारखा हजार वेळा उचला, पण वार तोच आणि महिना तोच. महिना का? वादळं मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, विषुवदिनांच्या सुमाराला जास्त होतात. आपल्याकडे मार्च म्हणजे दहावीची परीक्षा आणि सप्टेंबर म्हणजे बहुधा गणपती. गणपती तिथीनं येतात: २०२३मध्ये १९ सप्टेंबर, २०२४मध्ये ७ सप्टेंबर, २०२५मध्ये २७ ऑगस्ट. त्यामुळे ‘दरवर्षीचा तोच आठवडा वजा करा’ हा पाश्चात्त्य पुस्तकातला उपाय इथे लंगडा पडतो. सणांचे दिवस हातानंच गाळावे लागतात. खऱ्या वादळांची सरासरी हजारातल्या साडेनऊशे खोट्या सरासऱ्यांपेक्षा वर गेली, तरच पुढे बोलू. आणि चाळीस शब्द तपासले असतील, तर त्यातले दोन निव्वळ योगायोगानंही या चाळणीतून पार होतात. किती शब्द तपासले हे लपवलं की शोधनिबंध छान दिसतो.

ही सगळी यंत्रणा नीट चालते का, हे कसं कळणार? त्यासाठी कोल्हापूरकराला बाहेर जायची गरज नाही. अंबाबाईचा किरणोत्सव घ्या: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. हिवाळ्याचा अयनदिन मध्ये धरला तर १० नोव्हेंबर ४१ दिवस आधी आणि १ फेब्रुवारी ४२ दिवस नंतर येतो. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे सतरा अंश दक्षिणेला असतो, म्हणून क्षितिजावर त्याच जागी मावळतो आणि किरणं महाद्वारातून आत येतात. डागांशी, वादळांशी याचा काडीचा संबंध नाही. ही निव्वळ भूमिती. आणि सण असूनही तारीख इंग्रजी महिन्याची, तिथीनं न सरकणारी. ‘किरणोत्सव’ची सगळी स्पेलिंगं जोडून महाराष्ट्राचा डेटा याच रीतीनं चालवा. खोट्या तारखांच्या गर्दीतून हे दोन उंचवटे तुमच्या प्रोग्रामला सापडले नाहीत, तर वादळांची यादी उघडूच नका. आधी जोड तपासा, मग स्पेलिंग, मग वेळेतले ते साडेपाच तास.