पाणी कोणाच्या मापाचं?

नमस्कार श्रोतेहो.

नवतपा सुरू आहे. नागपूरकरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सकाळी दहालाच रस्ते ओस पडू लागतात, दुपारी कूलरमधूनही गरम झळा येतात, आणि बाहेर पडणं भागच असलं तर डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून माणूस निघतो. अशा दिवसांत मला इथे बोलायला बोलावलं आणि विषय दिला तो करुणा, सेवा आणि आनंद. मोठे शब्द आहेत. मी सगळं आयुष्य परिचारिका म्हणून काढलं, त्यामुळे मला बोलायचं तर हाताशी असलेल्या वस्तूपासूनच सुरुवात करावी लागते. मी पाण्याच्या एका भांड्यापासून करते.

निवृत्त झाल्यानंतरचा माझा पहिला उन्हाळा. घर रिकामं, दिवस संपता संपत नव्हता. पाखरांसाठी पाणी ठेवावं म्हणून मी गच्चीवर स्टीलचं एक छान खोलगट पातेलं भरून ठेवलं. रोज सकाळी ताजं पाणी. पंधरा दिवस झाले, एक चिमणी फिरकली नाही. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला, मी इतकं करते आणि यांना कदर नाही म्हणून. शेजारच्या मावशी वाळवण घालायला त्यांच्या गच्चीवर आल्या होत्या. त्यांनी माझं पातेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, त्या भांड्यात पाखरू चोच घालन काहून? पोळते न त्याले. अन् इतकं खोल! चिमणीनं उभं कुठं राहाव?"

संध्याकाळी त्यांनी त्यांच्याकडचा एक मातीचा सकोरा आणून दिला. पसरट, दोन बोटं खोल, काठ खरबरीत. मध्ये एक चपटा दगड ठेवला, सकोरा कडुनिंबाच्या फांदीखाली सरकवला. तिसऱ्या दिवशी बुलबुलाची जोडी आली. मग साळुंक्या, होले, एक खार. आणि सातभाई, ते तर कधी एकटे येतच नाहीत, सगळी वरात घेऊन येतात.

पक्ष्यांना आपल्यासारखा घाम येत नाही. उन्हात बसलेला कावळा चोच उघडी टाकून धापा टाकत असतो, ती त्याची अंग थंड करायची धडपड असते. प्रत्येक धापेबरोबर अंगातलं पाणी उडून जातं, मग त्याला पाण्याची किती गरज असेल! मी पाणी ठेवलं होतं, पण माझ्या स्वयंपाकघराच्या मापानं. मावशींनी ते चिमणीच्या मापानं ठेवलं. मला आज जे सांगायचं आहे, ते सगळं या फरकात आहे.

हा फरक मला त्याच्या कितीतरी आधी, नोकरीत असताना कळायला हवा होता. एकदा कळलाही होता. ती गोष्ट मी फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांमध्ये नुसते नागपूरचे पेशंट नसतात. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळपासून ते पलीकडच्या छिंदवाडा, बालाघाटपर्यंतची माणसं येतात. पेशंटला खाट मिळते, नातेवाईकाला वऱ्हांडा. मी तेव्हा रात्रपाळीला होते. गडचिरोलीकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. मराठी तिला थोडं थोडं समजायचं, बोलता येत नव्हतं. नवऱ्याच्या खाटेशी ती दोन दिवस उकिडवी बसून होती. ओठ फाटलेले, डोळे आत गेलेले. मी तिला पाण्याची बाटली दिली, बिस्किटं दिली, कपाटातली चादर काढून दिली. तिनं सगळं घेतलं, बाजूला नीट ठेवलं आणि तशीच बसून राहिली. पाण्याला तोंड लावलं नाही. मी तिला रागावले. "अहो बाई, पाणी प्या ना, तुम्हीच आजारी पडाल!" असं मोठ्यानं म्हणाले. मोठ्यानं बोललं की परकी भाषा समजते, असं आपल्याला उगाच वाटतं.

पहाटे सफाईच्या मावशी आल्या. त्यांना गोंडी येत होती. त्या झाडू भिंतीला टेकवून तिच्याजवळ खाली बसल्या, अगदी तिच्या उंचीला आल्या आणि हळू आवाजात काही बोलल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सिस्टर, ती पाणी मुद्दामच पित नाही. पाणी प्यालं तर लघवीला जा लागन. संडास खालच्या मजल्यावर. एकदा गेली होती, तर वापस येताना वार्डच नाही सापडला. सगळे दरवाजे सारखेच दिसतेत म्हणते. तवापासून प्यालीच नाही."

दोन दिवस. भरलेली बाटली उशाशी ठेवून.

मला भिंतीचा आधार घ्यावासा वाटला. मी तिला सगळं दिलं होतं, फक्त तिला काय होतंय हे विचारलं नव्हतं. वॉर्डच्या दारावर मोठ्या अक्षरांत क्रमांक लिहिला होता, पण तो वाचता येणाऱ्यांसाठी होता. मावशींनी त्यांच्या पिशवीतून जुन्या लाल लुगड्याची चिंधी काढली आणि आमच्या वॉर्डच्या दाराच्या कडीला बांधली. तिचा हात धरून तिला खाली नेलं, परत आणलं, ती चिंधी दाखवली. मग दुसऱ्या वेळी तिला एकटीलाच पाठवलं. मी दारात उभी होते. ती जिना चढून आली, तिनं कडीकडे पाहिलं, चिंधीला हात लावला आणि हसली. मग खाटेपाशी जाऊन तिनं बाटली तोंडाला लावली. घटाघटा पाणी पितानाचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे. नोकरीत मला बढती मिळाली, सत्कार झाले, त्या कुठल्याही दिवशी मला असा आनंद झाला नाही. आणि त्या आनंदातला माझा वाटा अगदीच थोडा होता, खरा वाटा मावशींचा.

आपण सेवा करतो म्हणजे बहुतेक वेळा देतो. जेवणाची पाकिटं, चादरी, फळं. नागपुरात देणाऱ्यांची कमी नाही, हे मी अभिमानानं सांगते. रामनवमीच्या शोभायात्रेत बघा, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यापाशी ताजबागेत बघा, उन्हाळ्यात चौकाचौकांतल्या पाणपोया बघा. पण देण्याआधी खाली बसून विचारायला वेळ लागतो. त्यासाठी समोरचा आपल्या बरोबरीचा आहे, हे मनाला पटलेलं असावं लागतं. दयेत कधीकधी उंचावरून पाहणं असतं, आदरात ते नसतं.

आपल्या या भागानं हे शिकवणारी फार मोठी माणसं पाहिली आहेत. बाबा आमटे यांचा जन्म 1914 सालचा, हिंगणघाटचा. वकिलीचं शिक्षण इथे नागपुरात झालं. वरोऱ्याला असताना एका पावसाळी संध्याकाळी त्यांना रस्त्याकडेला एक कुष्ठरुग्ण पडलेला दिसला, तुळशीराम. बोटं झडलेली, जखमांत अळ्या. ज्यांना गांधीजींनी अभयसाधक म्हटलं होतं, ते बाबा त्या दिवशी भिऊन पळाले. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, म्हणून मला ते फार जवळचे वाटतात. पळाले आणि परत आले. तुळशीरामची सेवा केली. पुढे 1949 मध्ये महारोगी सेवा समिती उभी राहिली आणि नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, खडकाळ माळावर आनंदवन सुरू झालं. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढंच हाताशी होतं, असं सांगतात.

पण आनंदवनाचं मोठेपण मला तिथल्या औषधपाण्यात दिसत नाही. बाबांनी त्या माणसांना नुसतं पोसलं नाही, कुदळी हातात दिल्या. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, भाजी पिकवली. गावातले लोक सुरुवातीला ती भाजी घ्यायला घाबरायचे. मग परदेशातले काही स्वयंसेवक येऊन तिथे राहिले, तीच भाजी जेवले आणि गावाची भीती हळूहळू सरली. ज्या हातांकडून घ्यायला लोक कचरत होते, त्या हातांना बाबांनी देणारे हात केलं. सन्मान म्हणतात तो हा.

कुष्ठरोगाची तपासणी मी स्वतः अनेकदा केली आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, कापसाची बारीक वात कातडीवर हलकेच टेकवायची, आणि स्पर्श कळेल तिथे बोट ठेवायला सांगायचं. चट्ट्यावर वात टेकवली की बोट हलत नाही. माणूस वाट बघत राहतो. या रोगात बोटं झडतात ती बऱ्याच अंशी अशी, चटका लागलेला कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळत जाते. आज बहुविध औषधोपचारानं हा रोग पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात, तेव्हा चट्टा दिसला, बधिर वाटला तर लपवू नका. वेदना कळणं हे शरीराचं रक्षण आहे, हे मी त्या कापसाच्या वातीकडून शिकले. दुसऱ्याची वेदना आपल्याला कळते, तेव्हा आपल्यात काहीतरी अजून जिवंत आहे असं मला त्यामुळेच वाटतं.

आता थोडं कामाचं बोलते, कारण नुसत्या मायेनं जीव वाचत नाही.

संक्रांतीला नागपूरचं आभाळ पतंगांनी भरून जातं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये बंदी घातली, तरी तो मिळतो आणि वापरला जातो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सुती दोरा पावसात कुजतो, हा कुजत नाही. जानेवारीत तुटलेला मांजा मे महिन्यातही झाडावर लटकत असतो. त्यात पंख अडकलेली घार किंवा बगळा सापडला, तर दोरा ओढू नका. जितकं ओढाल तितका तो मांसात रुततो. अंगावर सुती कापड टाका, म्हणजे डोळे झाकले जाऊन पाखरू शांत होतं. दोन्ही बाजूंनी दोरा कात्रीनं कापा, उरलेला तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे, तिथे पोचवा. आणि कृपा करून चोच उघडून पाणी ओतू नका. मायेनं ओतलेलं ते पाणी श्वासनळीत जातं आणि वाचण्यासारखा जीव हातात मरतो.

माणसाचंही तेच आहे. या दिवसांत रस्त्यावर कुणाला ऊन लागून तो बेशुद्ध पडला, की आजूबाजूचे लोक धावतात आणि आधी त्याच्या तोंडात पाणी घालतात. घालू नका. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, मान, काखा, जांघा ओल्या कापडानं पुसा, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्धीवर असेल तर मात्र घोट घोट पाणी द्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एवढं पाठ असू द्या.

दीक्षाभूमीबद्दल बोलल्याशिवाय नागपुरातून करुणेवर बोलता येणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना 22 प्रतिज्ञा दिल्या. सगळ्या प्राणिमात्रांवर दया करीन, त्यांचं पालन करीन, अशा अर्थाची प्रतिज्ञा त्यात आहे. ज्या समाजाला शतकानुशतकं पाणवठ्यावर पाणी घेऊ दिलं नाही, त्यानं सगळ्या जिवांच्या पालनाची शपथ घेतली. मला हे आठवलं की अजून गहिवरून येतं. दीक्षेचा तो दिवस म्हणजे अशोक विजयादशमी, दरवर्षी त्या दिवशी एका प्रथमोपचार केंद्रावर मी काही वर्षं बसत असे. दुरून आलेल्या एक आजी फोड आलेल्या पायांनी आल्या. मी गरम पाणी घेऊन पाय धुवायला वाकले, तर त्या म्हणाल्या, "पायाचं मंग पाहा बाई, आधी हे पुस्तकं कोरड्या जागी ठेवा, नातवाचे आहेत." लाल चिंधीची गोष्ट तेव्हा घडून गेली होती. मी आधी पुस्तकं ठेवली.

त्या शेजारच्या मावशी आता मुलाकडे राहायला गेल्या. सकोरा माझ्याकडेच आहे. रोज पहाटे मी तो नारळाच्या शेंडीनं घासते, डास होऊ नयेत म्हणून जुनं पाणी झाडाच्या मुळाशी ओतते आणि नवीन भरते. आठवडाभर एक कावळा येतो आहे. कुठून तरी वाळलेल्या पोळीचा तुकडा आणतो, माझ्या स्वच्छ पाण्यात टाकतो, इकडे तिकडे बघत थांबतो. तुकडा मऊ झाला की उचलतो आणि समोरच्या झाडावर घरट्याकडे जातो. पाणी गढूळ होतं. पहिल्या दिवशी मी त्याला हाकललं होतं. आता मी दाराआड उभी राहते, त्याचं भिजवून होऊ देते, आणि तो उडाला की पाणी बदलते.

नमस्कार.