हा ग कोण वाजवतंय?

नमस्कार. सायकेडेलिक म्युझिक म्हटलं की लांब केस, रंगीत शर्ट आणि गोव्याच्या पार्ट्या डोळ्यासमोर येतात, बाहेर फळ्यावर विषय लागल्यावर दोघातिघांनी मला विचारलंच, अहो नशेवर बोलणार का? तर नाही, मी नौपाड्यातल्या एका खोलीपासून सुरू करणारे.

तिथे माझी आत्या गाणं शिकवायची. मी नऊ वर्षांचा असेन. क्लासच्या आधी ती तानपुरा लावत बसायची, तार आणि घोडी यांच्यामध्ये एक दोरा असतो, जवारीचा, तो ती नखाने केसभर पुढे, केसभर मागे सरकवायची. आधी तार नुसती टण्ण वाजायची आणि दोरा एका ठरावीक जागी आला की गुंजायला लागायची, खोली भरून जायची. एक दिवस मला त्यात स्पष्ट गंधार ऐकू आला. तारा तर फक्त पंचम आणि षड्जाच्या. मी विचारलं, आत्या, हा ग कोण वाजवतंय? ती म्हणाली, कोणी नाही रे, तो आपला आपण वाजतोय.

त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या तारेतच तो दडलेला असतो, तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा सूर, जवारी नीट लागली की वर येतो. मला सायकेडेलिक म्हणजे नक्की काय ते तिथेच कळलं असं मी आजही मानतो. एक गोष्ट खुंट्यासारखी गाडलेली असते, तिच्या भरवशावर कान निर्धास्त होतो, आणि मग बाकीचा आवाज कुठून येतोय, कोण काढतंय, किती वेळ गेला, याचा हिशोब सुटतो.

सायकेडेलिक हा शब्द १९५६ मध्ये हम्फ्री ऑस्मंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने ग्रीकमधून घडवला, मन उघड करणारं अशा अर्थाने, आणि तो एलएसडीसारख्या भास घडवणाऱ्या औषधांसाठीच होता. म्हणून संगीतालाही नशा चिकटली. रविशंकरांना त्याचा मनापासून त्रास व्हायचा, गाणं ऐकायला शुद्धीत या असं ते तिकडच्या पोरांना सांगायचे, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

आता बीटल्सचं १९६६ चं 'टुमॉरो नेव्हर नोज' घ्या. जवळजवळ पूर्ण गाणं एकाच सुरावर उभं, खाली तंबोरा, ड्रमचा ठेका बदलतच नाही. हा झाला खुंटा. आणि उत्तरार्धात बँडमधल्या जॉन लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून सोडलाय. मुलुंडला स्लो प्लॅटफॉर्मवर उभे असताना शेजारच्या ट्रॅकवरून मेल भोंगा वाजवत जाते, समोरून गेली की भोंग्याचा सूर एकदम खाली येतो ना, तसं तिथे सेकंदाला कितीतरी वेळा होतं, त्यामुळे माणूस जवळ आहे की लांब तेच कळत नाही.

जमैकात सत्तरच्या दशकात किंग टबीने हेच दुसऱ्या टोकाने केलं. हा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा. तयार गाणं घ्यायचा, गायकाचा आवाज काढून टाकायचा, बेस ठेवायचा आणि मध्येच एखादा शब्द एकोत, म्हणजे प्रतिध्वनीत, सोडायचा. टेप एकोमध्ये आवाज रेकॉर्ड होतो, किंचित पुढच्या हेडवर वाजतो, आणि तोच पुन्हा रेकॉर्ड होतो, प्रत्येक फेरीत त्याची धार थोडी बोथट होते, म्हणून तो लांब लांब जातोय असं वाटतं. गाणारा नाहीच, त्याची सावली तेवढी फिरतेय. फंकाडेलिक या अमेरिकन बँडच्या १९७१ च्या 'मॅगट ब्रेन'मध्ये तर बहुतेक बँडच मिक्समधून पुसून टाकलाय, खाली एक साधी गिटार तेच तेच वाजवत राहते आणि वर एडी हेझल दहा मिनिटं गिटारमधून अक्षरशः रडतो. ते ऐकून मी दोन दिवस गप्प होतो.

म्हणून नुसता एको टाकून काही होत नाही. खुंटा नसेल तर तो फक्त गोंगाट.

आणि आपल्याकडे बघा. गोंधळात तुणतुण्याची एकच तार रात्रभर बोलत असते, तिला काही वेगळं करायचंच नसतं, म्हणून संबळ वाटेल तिथे जाऊन येऊ शकतो. पहाटे चार वाजता डोळे मिटून डोलणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, चहाशिवाय काही घेतलेलं नसतं त्यांनी.

मुंबईचे चरणजीत सिंग, सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे, त्यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवले. रोलँडचं ३०३ हे बेसचं छोटं मशीन त्यात आहे, त्याचे सूर एकमेकांत घसरतात, मींडेसारखे. शिकागोच्या पोरांनी त्याच मशीनवर ॲसिड हाऊस हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत काढलं ते १९८७ मध्ये. सिंगांची रेकॉर्ड तेव्हा कोणी फारशी घेतली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, ती शेवटी मी ऐकवणारच आहे.

पण आधी हा तानपुरा, आत्याचाच आहे. दिवे जरा कमी करा. पहिली दोनतीन मिनिटं काहीच होणार नाही, कंटाळा येईल, येऊ दे. ज्याला गंधार ऐकू येईल त्याने बोलू नका, फक्त हात वर करा.