मामांचा ग्राफ

(पडदा काळा. पेन्सिल घासल्याचा आवाज. मग चौकोनी रेघांचा कागद आणि दोन हात.)

हे माझ्या मामांचे हात. सोलापुरी चादरीचे ग्राफ काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कागदावरचा भरलेला प्रत्येक चौकोन म्हणजे आडव्या धाग्यावर उचललेला एक उभा धागा. या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडतात, कार्डं जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या धागे उचलणाऱ्या यंत्रावर, चढतात आणि खाली मागावर मोर उमटतो. एक चौकोन चुकला की मोराचा डोळा फुटतो, असं मामा सांगायचे.

चाळिशीत त्यांना आवाज ऐकू यायला लागले. भिंतीतून कुणीतरी नाव घेऊन हाक मारायचं. आधी अंगारे-धुपारे झाले, मग डॉक्टर. निदान झालं, स्किझोफ्रेनिया. आपल्याकडे ‘येरवड्याला पाठवू का?’ हे आजही चेष्टेत बोललं जातं. ज्या घरातलं माणूस खरंच आजारी आहे, त्या घरात ते कसं लागतं, हे मी पाहिलंय.

एका रुग्णालयात मामा महिनाभर होते. औषधं वेळेवर मिळाली, झोप परत आली. पण गोळ्यांच्या खोक्यांच्या मागच्या बाजूला त्यांनी काढलेली चित्रं झाडलोटीत गेली. “कचराच होता तो,” असं आम्हाला सांगण्यात आलं, आणि आम्हीही मान डोलावली. ते अजून सलतं.

(दृश्य: भरलेल्या ग्राफांची चळत.)

ब्राझीलमध्ये एका बाईंनी असे कागद जपून ठेवले. डॉ. निझे दा सिल्व्हेरा. रिओ द जानेरोच्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांनी रुग्णांना विजेचे झटके द्यायला साफ नकार दिला. मेंदू छेदणारी लोबोटॉमी तेव्हा मोठी प्रगती समजली जायची. तिलाही त्यांचा विरोध होता. मग कुणाला नको असलेला व्यवसायोपचार विभाग, म्हणजे हाताला काम देऊन उपचार करण्याचा, त्यांच्या वाट्याला आला. १९४६ मध्ये त्यांनी तिथे चित्रशाळा सुरू केली. रंग दिले, माती दिली. काय काढायचं ते मात्र सांगितलं नाही. कुत्री-मांजरंही तिथे वावरायची, आणि निझे त्यांना सहचिकित्सक मानायच्या. १९५२ मध्ये त्याच चित्रांचं संग्रहालय उभं राहिलं. ते आजही आहे.

तिथल्या फर्नांदो दिनिझची आई शिवणकाम करायची. श्रीमंतांच्या घरी कामाला जाताना पोराला सोबत न्यायची. पुढे रुग्णालयात फर्नांदोनं घरांचे अंतर्भाग रंगवले: जमीन, खुर्च्या, टेबलं. विडीच्या पानांचं ओझं घेऊन निघालेल्या आईमागे चालणारी पोरं बघत मोठं झालेल्या सोलापूरकराला ही गोष्ट परकी वाटणार नाही. दिग्दर्शक लिऑन हिर्शमन यांनी १९८०च्या दशकात फर्नांदो आणि आणखी दोघांवर तीन भागांचा माहितीपट केला. त्यात कॅमेरा चित्रांसमोर घाई न करता थांबतो. मला त्यातून शिकायचं होतं ते हे थांबणं.

मामांच्या गोळ्या चालू आहेत, चालू राहतील. चित्रं औषधाची जागा घेत नाहीत. आपल्याकडच्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल न देता झटके द्यायला बंदी घातली, रुग्णाला साखळीनं बांधायलाही. त्याच कायद्यात आम्हा कॅमेरावाल्यांसाठी एक कलम आहे: संस्थेत उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. मामा तर घरी असतात, शिवाय भाचा म्हणून मला सगळीच मोकळीक. म्हणूनच विचारणं जास्त गरजेचं होतं.

पहिले आठ दिवस कॅमेरा पिशवीतच होता. मी ग्राफचे कागद आणि रंगीत पेन्सिली टेबलावर ठेवायचो आणि शेजारी बसायचो. तिसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, “काय करालास बे?”

“बसलोय, मामा.”

“बस मग.”

(दृश्य: कागद जवळून. एक मोर, पाठमोरा.)

चादरीवर मोर समोरासमोर असतात, जोडीनं. हा एकटाच, तोंड फिरवून उभा. त्याच्या भोवतीचे चौकोन मामांनी रिकामे सोडले होते.

“याचं कार्ड होईल का, मामा?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग पेन्सिलीला टोक काढत म्हणाले, “मागावर नाही चढायचा हा. कागदावरच राहू दे.”

नवव्या दिवशी त्यांनी स्वतःच पिशवीकडे बोट दाखवलं.

“लाव तुझा कॅमेरा. हात तेवढे घे.”