डिचोलीचे कर्ज: सोन्यापासून ट्रकपर्यंत

गोव्यात बँक आली ती १८६८ साली. ‘बांको नासियोनाल उल्त्रामारिनो’ ही पोर्तुगीज बँक. नोटाही तीच काढायची. पण साध्या माणसाला तिच्याकडून पैसा हवा असेल, तर दाराशी घेऊन जावे लागायचे ते सोने. पाटल्या, गोठ, एखादा चंद्रहार. लग्न, आजारपण, शेतीचा खर्च, सगळे त्या तारणावर भागायचे.

डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य येण्याआधी हे गहाण दागिने लिस्बनला हलवले गेले. १९ तारखेला गोवा मुक्त झाला. लोकांच्या हातात पावत्या उरल्या. सोने परत आले १९९१ साली! तीस वर्षांत घरातली एक पिढी बदलते. ज्या सुनेचे दागिने गहाण पडले, ती तोवर आजी झाली होती. गोव्याच्या आर्थिक इतिहासात या बायकांची नोंद मोठ्या अक्षरात व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींना पैसा मिळाला तो वेगळ्या वाटेने. लईराई देवीच्या जत्रेचे शिरगाव डिचोलीपासून जवळच. १९५० च्या दशकात तिथल्या खाणीसाठी जपानी कंपनीने चौगुले या खाणमालकांना यंत्रे उधारीवर दिली, आणि फेड खनिजातून करून घेतली. जमिनीखालचा दगडच तारण झाला.

मुक्तीनंतर सहकारी बँका आल्या, १९६९ मध्ये मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. कर्ज सोन्याशिवायही मिळू लागले, ओळखीचा जामीनदार असला की पुरे.

मग चीनकडून लोहखनिजाची मागणी वाढली. डिचोली, साखळी, कुडचडे भागात घरोघरी कर्जावर ट्रक आले, नदीत बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या मालबोटी, उतरल्या. ट्रकचा हप्ता खनिजाच्या फेऱ्यांवर चालायचा. नियम मोडून खाणकाम होते या आक्षेपांवरून सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने ते थांबवले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. फेऱ्या थांबल्या, हप्ता थांबला नाही. २०१४ मध्ये सरकारने कर्जसवलत योजना आणली, बँकांशी एकरकमी तडजोडीची. पुढे खाणी सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या.

खाणींवरचे आक्षेप खरे होते, ते नाकारून चालणार नाही. पण नियम मोडले ते खाणपट्टेवाल्यांनी, आणि बँकेची नोटीस मात्र ट्रकमालकाच्या घरीही आली. त्याच्या नावावर ना खाण होती, ना परवाना. होते ते फक्त कर्ज.