मन थाऱ्यावर नसेल तेव्हा ओळखीचंच काम हाती घ्या

नमस्कार मंडळी!

घरात कुणाचं आजारपण चालू असतं, कसल्यातरी निकालाची वाट बघणं चालू असतं, कधी तर काही कारण नसताना कशातच जीव लागत नाही. अशा वेळी आजूबाजूचे प्रेमाने सांगतात, "काहीतरी नवीन शिक, मन रमेल." माझं मत उलट आहे. अशा दिवशी नवीन काही काढू नका. जे अनेकदा केलंय, हाताला बसलंय, तेच करा. का, ते आज तीन गोष्टींतून सांगते: नानखटाई, सूर्यनमस्कार आणि कुंडीतली कोथिंबीर.

सुरुवात नानखटाईपासून, कारण ती माझी सगळ्यात लाडकी. घरोघरी ओव्हन यायच्या आधी मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या तोंडावर तूप, साखर, मैदा घेऊन लोक गल्लीतल्या बेकरीत जायचे आणि भट्टीत भाजलेली नानखटाई पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायचे. भट्टीसमोर उभं राहून ज्यांनी तो वास घेतलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

आता कृती बघा. साजूक तूप थिजलेलंच हवं. त्यात पिठीसाखर घालून तळहाताने फेसत राहायचं. थिजलेल्या तुपात हवा कोंडली जाते, मिश्रण पांढरं आणि हलकं होत जातं, आणि खुसखुशीतपणा इथेच ठरतो. पातळ तूप हवा धरत नाही, मग नानखटाई ताटलीत पसरते. फेसून झालं की मैदा, थोडं बेसन, थोडा रवा, वेलदोडा, जायफळ. पाण्याचा थेंबही नाही. गोळे वळून १६०-१७० अंशांवर साधारण १५ ते २० मिनिटं. बाहेर काढल्यावर ती मऊच लागते, गार झाली की खुटखुटीत होते. पहिल्यांदा करणारा इथे घाबरतो आणि पुन्हा आत ढकलतो. सवयीचा हात ताटली निवांत बाजूला ठेवतो.

मला सांगायचंय ते हेच. काळजीत असताना सगळ्यात जड काय जातं? ठरवणं. आधी काय करू, किती घेऊ, बरोबर होतंय ना? ओळखीच्या कृतीत हे निर्णय कधीच होऊन गेलेले असतात. मुरलेल्या सवयी चालवण्यात मेंदूच्या आतल्या भागाचा, बेसल गँग्लियाचा, मोठा वाटा असतो, म्हणून पायरीपायरीला विचार करावा लागत नाही. हात मात्र तुपात असतात, नाक वेलदोड्यात असतं, आणि काळजीला तेवढा वेळ जागा कमी पडते.

मानसोपचारात यावर एक पद्धतच उभी आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. नैराश्यात वाटतं, बरं वाटलं की कामाला लागेन. ही पद्धत क्रम फिरवते: आधी छोटं, ठरलेलं काम, बरं वाटणं मागून येईल. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात तिचा पाया घातला. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या नैराश्याच्या ४४० रुग्णांचा अभ्यास आला. कमी प्रशिक्षण लागणारी ही साधी पद्धत त्यात सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या प्रस्थापित उपचाराच्या तोडीची ठरली. मला हे फार दिलासा देणारं वाटतं.

आता सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते शाळाशाळांत नेले, त्यामुळे आपल्यातल्या अनेकांना ते लहानपणापासून पाठ आहेत. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. नमस्कारात वाकताना श्वास सोडायचा असतो, म्हणजे दर फेरीत सावकाश श्वास सोडणं आपोआप होतं. शिवाय मित्राय, रवये, सूर्याय अशी बारा नावं घेत गेलं की मोजणंही सुटतं. जमत नसेल त्या दिवशी दोनच घाला. मात्र रोजच्या जागी, रोजच्या वेळेला.

कोथिंबिरीची गोष्ट छोटी आहे. धणे हलकेच रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवून पेरायचे. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबीर आठ-दहा दिवस तरी घेते. तोवर रोज मातीत बोट घालून ओल बघायची, एवढंच काम. तिला घाई करता येत नाही, आणि अस्वस्थ माणसाला नेमकी तीच सोबत मानवते असं मला वाटतं.

पण हे सगळं उपयोगी पडतं ते ओळखीचं असेल तरच. म्हणून सवय बऱ्या दिवसांत लावून ठेवायची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यांना दिसलं, पण माणसामाणसात फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत! आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा खाडा झाला म्हणून सोडून देऊ नका.

आणि एक महत्त्वाचं. दोन आठवडे उलटले तरी झोप नाही, भूक नाही, जगणं नकोसं वाटतंय, तर नानखटाईवर भिस्त ठेवू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या कुणासाठी तुम्हीही फोन लावू शकता.